पाठीवरचा आवाज

१ जुलै १९१६ रोजी सकाळी साडेसात वाजता सॉमच्या आघाडीवरील ब्रिटिश पायदळ खंदकांतून बाहेर पडले आणि त्या क्षणापासून सेनापतींच्या दृष्टीने जणू नाहीसे झाले. टेलिफोनच्या तारा खंदकांपर्यंतच होत्या. पुढे गेलेल्या पलटणींनी शत्रूचे मोर्चे घेतले, की त्या काटेरी तारांपाशीच कापल्या गेल्या, हे कळण्यास निरोप्ये, कबुतरे आणि खुणांचे झेंडे यांवाचून फारसे साधन नव्हते. आणि निरोप्या परत यावयाचा तर तो आधी जिवंत राहावयास हवा. बिनतारी यंत्रे त्या काळी नव्हती असे नाही. पण ती वाहून नेण्यास अनेक माणसे लागत, त्यांचे एरियल उभारण्यास उघडी जागा आणि सवड लागे, आणि ऐन लढाईत या दोन्ही गोष्टींचा तोटा असतो. त्या एका दिवसात सत्तावन्न हजारांवर ब्रिटिश सैनिक मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. पुढच्यांना मागच्यांशी बोलता येत नव्हते, हे त्याचे एकमेव कारण नव्हे. पण एक कारण खासच होते.

दुसऱ्या महायुद्धात पायदळाचा हा मुकेपणा घालविण्याचे मोठे प्रयत्न झाले. रेडिओ पाठीवर घेऊन चालावयाचे, ही कल्पना सांगावयास सोपी आहे. आवाज दूर न्यावयाचा तर शक्ती हवी; शक्ती हवी तर बॅटरी हवी; आणि बॅटरी म्हटली की वजन आले. ब्रिटिश पायदळाचा १८ नंबरचा संच तीस पौंडांहून जड होता, आणि तो वाहणाऱ्याला आपली बंदूक, पाणी व शिधा वेगळा वाहावा लागेच. अमेरिकेत शिकागोच्या गॅल्विन कंपनीने, जी पुढे मोटोरोला या नावाने प्रसिद्ध झाली, हातात धरून बोलावयाचा पाच पौंडांचा छोटा संच काढला. त्याची धाव मैलभराची. मग तिनेच पाठीवरचा एस.सी.आर. ३०० काढला, ‘वॉकी-टॉकी’ हे नाव प्रथम रूढ झाले ते याचेच. तो ४० ते ४८ मेगासायकलच्या पट्ट्यात, फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशनच्या पद्धतीने चाले, त्यामुळे त्यात खरखर कमी असे. धाव तीन मैलांची, वजन पस्तीस पौंडांच्या घरात, आणि त्यातला मोठा भाग बॅटरीचाच.

ब्रिटिशांचे संच मात्र मुख्यतः २ ते ९ मेगासायकलच्या पट्ट्यात राहिले. या लहरींची लांबी तीसपस्तीस मीटरपासून दीडशे मीटरपर्यंत असते. अशी लहर नीट फेकावयाची तर एरियलही त्या मानाने उंच हवे. चालत्या सैनिकाच्या डोक्यावर असते ती काही फुटांची सळई. तिच्यातून निघालेली लहर जमिनीलगत जाऊ लागली की झाडी, ओली माती आणि विटांची घरे तिला पिऊन टाकतात. जी लहर वर जाते, ती वातावरणाच्या विद्युद्भारित थरावरून परतते आणि कित्येकदा फार दूर जाऊन उतरते. त्यामुळे आठ मैलांवरच्या सोबत्याला जे ऐकू येत नाही, ते शेकडो मैलांवरच्या परक्याला स्वच्छ ऐकू येते, असा विपरीत प्रकार घडू शकतो. पुढील हकीकत समजण्यास ही गोष्ट ध्यानात असलेली बरी.

ब्रह्मदेशाच्या जंगलात विंगेटच्या चिंडिट तुकड्यांनी आपले संच आणि बॅटऱ्या भरण्याची इंजिने खेचरांच्या पाठीवर लादली होती. विमानातून पडणारा दाणागोटा या संचांच्या भरवशावरच मिळे. खेचरांच्या ओरडण्याने शत्रूला सुगावा लागू नये म्हणून १९४४ च्या मोहिमेपूर्वी शस्त्रक्रिया करून त्यांचा कंठच बंद करण्यात आला. माणसांचा आवाज वाहून नेणाऱ्या जनावराने आपला आवाज गमवावा, हा युद्धाचाच न्याय.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मणिपुरात उख्रूलजवळच्या सांगशाक या खेड्यापाशी ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड वेढली गेली. हे छत्रीधारी सैनिक येथे पायदळ म्हणूनच लढत होते, आणि त्यांच्या जोडीला मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. त्या उघड्या टेकाडावर पाणी जवळजवळ नव्हते. विमानांतून टाकलेले पुष्कळसे सामान जपान्यांच्याच हाती पडे. एका मृत जपानी अधिकाऱ्यापाशी शत्रूच्या चढाईचा नकाशा सापडला. सांगशाकजवळ रेडिओ होता, पण नकाशा काही रेडिओवरून बोलून दाखविता येत नाही. त्याच्या नकला वेढ्यातून पायी इंफाळकडे न्याव्या लागल्या. मात्र २६ मार्चच्या संध्याकाळी ‘लढत बाहेर पडा’ ही आज्ञा आली ती बिनतारीनेच. त्या रात्री मराठे, गुरखे आणि इतर सैनिक जमेल तसे डोंगर उतरून निघाले. ती आज्ञा पोहोचली नसती तर त्यांतले किती परतले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

सहा महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४४ रोजी, ब्रिटिशांची पहिली एअरबोर्न डिव्हिजन हॉलंडमध्ये आर्नहेमजवळ उतरली. ऱ्हाइनवरील तेथील पूल घेऊन, दक्षिणेकडून रणगाड्यांनिशी येणारी ३० वी कोअर पोहोचेपर्यंत तो राखावयाचा, अशी योजना होती. पुलाजवळ विमानविरोधी तोफांचे भय आणि जमीन गैरसोयीची, म्हणून उतरण्याची मैदाने निवडली गेली ती पश्चिमेला, पुलापासून सहा ते आठ मैलांवर. डिव्हिजनच्या मुख्य ठाण्याने ब्रिगेडांशी बोलावयाचे ते २२ नंबरच्या संचावरून. हा संच जीपमध्ये किंवा हातगाडीवर घालून नेत, आणि त्याची भरवशाची धाव पाच मैलांच्या आसपास. ब्रिगेड व पलटणी यांच्यामधले संच याहून दुबळे. मध्ये होते ते ऊस्टरबेकचे दाट राईतले बंगले आणि आर्नहेमच्या गल्ल्या.

पाच मैलांच्या यंत्राने आठ मैल गाठावयाचे, हा हिशेब कोणाच्याच ध्यानात आला नाही काय? आला होता. डिव्हिजनच्या सिग्नल्सचे दुय्यम अधिकारी मेजर अँथनी डीन-ड्रमंड यांना अंतर पाहताच शंका आली, आणि ती त्यांनी आपल्या वरिष्ठांपाशी बोलूनही दाखविली. पण तिचा आग्रह धरला गेला नाही. त्या उन्हाळ्यात डझनाहून अधिक मोहिमा ठरून रद्द झाल्या होत्या. डिव्हिजन बसून बसून कंटाळली होती. पूल तर दोन दिवसांत घ्यावयाचा, सारी डिव्हिजन लवकरच त्याच्याभोवती जमेल, मग अंतराचा प्रश्नच उरणार नाही, असे मनाचे समाधान करून घेण्यात आले. आर्नहेमच्या पराभवाचे खापर पुढे कित्येक वर्षे यंत्रांवर फोडले गेले. यंत्रांनी मात्र आपल्या अंगी होते त्याहून अधिक वचन कधी दिलेच नव्हते.

दुपारी पलटणी शहराकडे चालू लागल्या आणि ठाण्यातील संचांवर त्यांचे आवाज विरत गेले. सेनापती मेजर-जनरल अर्कर्ट यांना पुढचे काही कळेना, म्हणून ते स्वतः जीपने निघाले. ते पहिल्या पॅराशूट ब्रिगेडपर्यंत पोहोचले खरे, पण परतीचा रस्ता तुटला. शेवटी शहरातल्या एका घराच्या माळ्यावर त्यांना लपून बसावे लागले. दाराबाहेर जर्मनांची तोफगाडी उभी होती. १९ तारखेच्या सकाळी ते आपल्या ठाण्यात परत आले. मधल्या काळात डिव्हिजनला सेनापतीच नव्हता, आणि अधिकार कोणाचा यावरून दोन ब्रिगेडियरांत वाद झाला तो वेगळाच.

पुलाच्या उत्तर टोकाला लेफ्टनंट-कर्नल फ्रॉस्ट यांच्या पलटणीसह सुमारे साडेसातशे माणसे पोहोचली होती. त्यांतले तोफखान्याचे मेजर मनफर्ड यांना पहिल्या रात्री आपल्या संचावरून तोफांशी बोलता येईना. त्यांनी ते संच जीपमध्ये घातले, अंधारात शत्रूच्या मधून मागे गेले, मागच्या संचांशी त्यांचे सूर पुन्हा जुळवून घेतले आणि तसेच पुलाकडे परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी जर्मन गाड्यांची रांग पुलावर चढली तेव्हा एका माळ्यावरून मनफर्ड तोफांना नेम सांगत होते. संच तेच, जमीन तीच. फरक पडला तो एका माणसाने हट्टाने केलेल्या खटपटीमुळे.

बाकी सर्वत्र मात्र दैव फिरले होते. विमानांना बोलाविण्यासाठी आलेल्या अमेरिकन पथकांच्या संचांतील स्फटिक भलत्याच कंपनसंख्येचे निघाले. सामान टाकण्याची जागा शत्रूच्या ताब्यात गेल्याचा निरोप इंग्लंडमध्ये पोहोचला नाही. वैमानिक तोफांच्या माऱ्यातून नेमून दिलेल्या जागी येत राहिले आणि अन्न व दारूगोळा जर्मनांच्या पदरात टाकत राहिले. खाली सैनिक वर पाहून हात हलवीत होते. वार्ताहरांच्या पथकाचा आणि ‘फँटम’ या खास दुवा-पथकाचा संच मात्र थेट इंग्लंडशी बोलू शकत होता. विल्यम ऑफ ऑरेंज नावाच्या कबुतरानेही येथून निघून इंग्लंड गाठले आणि पुढे पदक मिळविले. अवघड होता तो जवळचाच टापू.

आणि गावातील टेलिफोन तर चालू होता. डच भूमिगतांनी तो वापरण्याची तयारी दाखविली. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्याचा फारसा उपयोग करून घेतला नाही. त्यांच्या संशयालाही आधार होता. १९४२ पासून जर्मनांनी हॉलंडमध्ये उतरणारे पन्नासांहून अधिक हेर पकडून, त्यांच्याच बिनतारी यंत्रांवरून लंडनला खोटे निरोप पाठविले होते. रेडिओने एकदा फसविले होते, म्हणून पुढे टेलिफोनवरही विश्वास बसेना.

२१ सप्टेंबरच्या पहाटे पुलावरचा प्रतिकार संपला. त्याच सकाळी, ऊस्टरबेकच्या वेढ्यातील तोफखान्याच्या एका संचावर एकाएकी अनोळखी ब्रिटिश आवाज आला. तो नायमेगेनच्या बाजूला पोहोचलेल्या ६४ व्या मीडियम रेजिमेंटचा होता. पलीकडचा खरोखर आपलाच आहे ना, याची खातरी अगदी घरगुती प्रश्न विचारून करून घेण्यात आली. मग कित्येक मैलांवरून मोठ्या तोफांचे गोळे वेढ्याच्या कडेपासून थोड्याच अंतरावर येऊन पडू लागले, आणि त्यांच्या आधारावर तो वेढा आणखी चार दिवस टिकला.

डीन-ड्रमंड स्वतः शहरात अडकले आणि पकडले गेले. ज्या घरात जर्मनांनी कैदी ठेवले होते, तेथल्याच एका अरुंद कपाटात ते शिरले आणि शत्रूच्या पावलांचा आवाज ऐकत, स्वतः श्वासाचाही आवाज न होऊ देता, तेरा दिवस उभे राहिले. मग संधी साधून ते निसटले.

दहा हजारांच्या आसपास माणसे आर्नहेमला गेली होती. २५ सप्टेंबरच्या रात्री, पावसात, त्यांतली चोवीसशेच्या आसपास नदी ओलांडून परत आली. चालता न येणारे जखमी मागे राहिले. वेढ्यात अजून डिव्हिजन आहे असे शत्रूला वाटावे म्हणून त्यांतले काही जण संचांपाशी बसून राहिले आणि उजाडेपर्यंत, पलीकडे कोणी नसतानाही, बोलत राहिले.