शोभेची झुडपे : आधी जागा, मग फूल

पावसाळ्याच्या तोंडावर शहरांतील रोपवाटिकांत गर्दी वाढू लागते. फुलांनी लगडलेली जास्वंद, रंगांची उधळण करणारी बोगनवेल, चित्रविचित्र पानांचे क्रोटन, यांपैकी जे नजरेत भरेल ते रोप घरी येते. वर्षभरात मात्र त्यातील कित्येक झुडपे खुरटतात किंवा फुले देईनाशी होतात. याचे कारण बहुधा निवडीच्या क्रमात दडलेले असते. फूल आधी पाहिले जाते आणि जागा नंतर. वास्तविक ऊन, पूर्ण वाढ, माती आणि घरातील माणसे यांचा विचार झाल्यानंतरच फुलाच्या रंगाकडे वळणे श्रेयस्कर असते.

ऊन किती?

रोप आणण्यापूर्वी बाल्कनीत किंवा अंगणात थेट ऊन किती तास राहते, याची दोन-चार दिवस नोंद ठेवावी. सूर्याचा मार्ग ऋतूनुसार सरकत असल्याने हिवाळ्यात उन्हाने भरणारी जागा पावसाळ्यात सावलीत असू शकते. जास्वंद, मोगरा, एक्झोरा आणि बोगनवेल यांना रोज किमान पाच-सहा तासांचे ऊन लागते. तगर आणि कुंती अर्धवट सावलीतही तग धरतात, मात्र फुले कमी येतात. क्रोटनच्या पानांचे लाल-पिवळे रंग भरपूर उजेडातच खुलतात. अंधाऱ्या कोपऱ्यात ती हिरवट पडतात.

पूर्ण वाढ किती?

पिशवीतील वीतभर रोपावरून झुडपाच्या पसाऱ्याची कल्पना येत नाही. जमिनीत लावलेली जास्वंद सहा ते दहा फूट उंच होते. बोगनवेल आधार मिळाल्यास दुसरा मजला सहज गाठते आणि तिला काटे असतात, त्यामुळे जिन्याजवळ किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ ती नको. कुंपणासाठी मेंदी, कुंती किंवा डुरांटा उपयुक्त ठरतात, कारण त्यांना वारंवार कापणी सोसते. मुंबईतील राणीची बाग किंवा पुण्यातील एम्प्रेस गार्डन येथे पूर्ण वाढलेली झुडपे एकदा पाहून घेतली, तर निवड बरीच सोपी होते.

माती आणि पाणी

कुंडीसाठी दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू किंवा कोकोपीट हे मिश्रण बहुतेक झुडपांना मानवते. देशावरील काळी माती पाणी धरून ठेवते, तेव्हा तिच्यात वाळूचे प्रमाण वाढवावे. कुंडी किमान बारा इंचांची असावी आणि तळाची छिद्रे मोकळी असावीत.

गृहसंकुलांच्या आवारातील मातीत अनेकदा बांधकामाचा राडारोडा मिसळलेला असतो. त्यातील चुना व सिमेंट यांमुळे माती विम्लधर्मी होते आणि झाडाला लोह घेता येत नाही. अनंत आणि एक्झोरा यांची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर हे त्याचेच लक्षण समजावे. कूपनलिकेच्या जड पाण्यानेही असे घडते. अशा वेळी आणखी खत घालून उपयोग होत नाही. माती बदलावी आणि शक्य तेव्हा पावसाचे पाणी वापरावे.

वरची इंचभर माती कोरडी लागली की पाणी द्यावे, तेही सकाळी. बोगनवेलीला फाजील पाणी दिल्यास पानेच वाढतात. मुळाशी थोडा कोरडेपणा आला की तिला बहर येतो. तिच्या रंगीत पाकळ्या म्हणून ओळखल्या जातात ती खरे तर छदे, म्हणजे बदललेली पाने असतात. खरे फूल त्यांच्या मधोमध, लहानसे आणि पांढरट असते.

छाटणी आणि कीड

जास्वंदीला नव्या फांद्यांवर फुले येतात. त्यामुळे बहर ओसरल्यावर एकतृतीयांश फांद्या छाटाव्यात. भर उन्हाळ्यात मात्र कडक छाटणी टाळावी. मोगऱ्याचे पाणी हिवाळ्यात कमी करून डिसेंबर-जानेवारीत छाटणी करावी, मग शेणखत देऊन पाणी पूर्ववत करावे. उन्हाळ्याचा बहर या विश्रांतीवर अवलंबून असतो.

जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण होय. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढावा, जास्त ग्रासलेले शेंडे कापून टाकावेत आणि लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व साबणाचे थोडे द्रावण मिसळून संध्याकाळी फवारावे. मुंग्यांचाही बंदोबस्त करावा, कारण त्या या किडीचे रक्षण करतात.

सौंदर्यामागचा धोका

कण्हेर काटक, सदाफुली आणि कमी पाण्यावर जगणारी असल्याने रस्तादुभाजकांवर सर्रास दिसते. मात्र तिचे पान, फूल, खोड असे सर्वच भाग विषारी आहेत. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बिया तर प्राणघातक ठरू शकतात. हे विष हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते. डिफेनबेकियाचे पान चावल्यास तोंड व जीभ सुजते. लहान मुले किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरांत ही झाडे न लावणेच इष्ट. चुकून काही पोटात गेल्यास घरगुती उपाय करत न बसता, उलटी करवण्याचा प्रयत्न न करता, त्या झाडाचा तुकडा सोबत घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे. लहान मुलांच्या घरासाठी जास्वंद, मोगरा किंवा कुंती हे पर्याय अधिक निर्धोक आहेत.

घाणेरीचे, अर्थात लँटानाचे, उदाहरण आणखी वेगळे आहे. अमेरिका खंडातील हे झुडूप इंग्रजी अमदानीत शोभेसाठी भारतात आले. पक्ष्यांनी फळे खाऊन बिया पसरवल्या आणि आज देशातील जंगलांत मोठ्या क्षेत्रावर तिची जाळी माजून स्थानिक वनस्पती मागे हटल्या आहेत. डोंगर किंवा वनक्षेत्रालगत राहणाऱ्यांनी ती बागेत लावू नये.

आणखी एक दक्षता पावसाळ्यात अत्यावश्यक ठरते. कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. कोरड्या पडलेल्या कडेला चिकटलेली अंडीही कित्येक महिने टिकतात. त्यामुळे ताटली आठवड्यातून एकदा नुसती रिकामी न करता घासून, पूर्ण वाळवूनच परत ठेवावी. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी पावसाळ्यापुरत्या ताटल्या काढून टाकणे उत्तम.