बीआयटी चाळ, ग्लासगो आणि एक चुकीचं उत्तर

लॉकडाऊनमध्ये मी एक ऑनलाइन कोर्स केला. विषय होता आधुनिक शहरांचा इतिहास, शिकवणारे एका परदेशी विद्यापीठातले प्राध्यापक. दिवसभर घरी बसून कोड लिहायचा आणि रात्री जेवणं झाली की हेडफोन लावून मँचेस्टर, ग्लासगो, पॅरिस फिरून यायचं. चौथ्या आठवड्याच्या क्विझमध्ये प्रश्न आला: एकोणिसाव्या शतकातल्या 'सुधारणा योजनां'चा मुख्य परिणाम कोणता? मी पर्याय निवडला, 'लोक विस्थापित झाले आणि शेजारच्या वस्त्यांत गर्दी वाढली.' स्क्रीनवर लाल फुली. बरोबर उत्तर होतं, 'सार्वजनिक आरोग्य सुधारलं.'

माझं उत्तर पुस्तकातलं नव्हतं, आजीचं होतं. लग्न होऊन ती आग्रीपाड्याच्या बीआयटी चाळीत आली. तिनं सासरी ऐकलेली गोष्ट अशी: नागपाड्यातलं जुनं बिऱ्हाड 'ट्रस्टवाल्यांनी' पाडलं, आणि चाळीत खोली मिळेपर्यंत दोन कुटुंबं एकाच खोलीत राहिली.

बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत प्लेगचे रुग्ण सापडले. हा प्लेगच आहे, हे डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी ओळखलं. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, कायदा करून ट्रस्ट उभा राहिला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, हवा खेळवायची, हे त्याचं काम. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, पुढे दादर-माटुंग्याची आखणी ही त्याचीच. पण सुरुवातीच्या काळात पाडापाडी वेगानं झाली आणि गरिबांसाठीची घरं मागे पडली. उठवलेली माणसं कामाच्या ठिकाणापासून लांब जाऊ शकत नव्हती, म्हणून ती जवळच्याच गल्ल्यांत जास्त दाटीनं राहिली. म्हणजे आजी बरोबर होती.

ट्रस्टची कल्पना मुंबईत जन्मली नव्हती. ग्लासगोत १८६६ च्या कायद्यानं असाच सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला होता. ८८ एकरांतली जुनी वस्ती टप्प्याटप्प्यानं पाडायचं ठरलं. पाडण्याआधी त्या अंधाऱ्या बोळांचे फोटो काढायचं काम थॉमस अ‍ॅनन यांना दिलं गेलं. ते फोटो पाहताना माझ्या लक्षात आलं, की माझ्या कुटुंबाचा इतिहास आणि ग्लासगोचा इतिहास एकाच फाइलमधली दोन पानं आहेत. आणि माझ्या कोर्समध्ये त्यातलं एकच पान होतं.

इथं मला पॅट्रिक गेडिस आठवतात. या स्कॉटिश विचारवंतानं शहरं कशी वाढतात हे दाखवणारं नकाशे-चित्रांचं मोठं प्रदर्शन तयार केलं होतं. १९१४ मध्ये ते भारतात यायला निघालं आणि 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेनं ते जहाज बुडवलं. मित्रांच्या मदतीनं नवं प्रदर्शन जमवून १९१५ मध्ये ते मद्रासला मांडलं गेलं. पण गेडिस प्रदर्शन मांडून थांबले नाहीत. ते भारतातल्या शहरांतून पायी हिंडले, आणि सरसकट पाडापाडीला विरोध करू लागले. जिथं दुखतंय तिथंच कापा, बाकीची वस्ती जपा, असं त्यांचं म्हणणं. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. पुढे हाच विभाग गो. स. घुर्ये यांनी नावारूपाला आणला.

प्रदर्शन आणणं हा एक भाग, हिंडून मत बनवणं हा दुसरा. ऑनलाइन शिक्षणानं पहिला भाग फार सोपा केला. एमआयटीनं २००१ मध्ये आपले अभ्यासक्रम मोफत खुले करायचं जाहीर केलं. २०१२ मध्ये कोर्सेरा आणि एडएक्स आले. आता कुठलीही 'एम्डेन' व्हिडिओ बुडवू शकत नाही. पण २०१३ मध्येच सॅन होजे स्टेट विद्यापीठातल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी हार्वर्डच्या मायकेल सँडेल यांना खुलं पत्र लिहून भीती व्यक्त केली होती: एकच लेक्चर सगळीकडे वाजू लागलं, तर काही विद्यार्थ्यांना प्राध्यापक मिळतील आणि बाकीच्यांना फक्त स्क्रीन.

हा प्रश्न आता आपल्याही दारात आहे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयं'वरून पूर्ण करता येतात. उद्या शहरांचा इतिहासही असाच शिकवला जाईल. तेव्हा तो 'रीड-ओन्ली' असेल का?

दुसरा रस्ता आहे. न्यूयॉर्कच्या स्टेट युनिव्हर्सिटीनं 'कॉइल' नावाची पद्धत वाढवली. तिच्यात दोन देशांतले दोन वर्ग, दोन शिक्षक एकत्र अभ्यासक्रम आखतात आणि विद्यार्थी मिळून काम करतात. शहरांच्या इतिहासाला हे चपखल बसतं, कारण कच्चा माल ऑनलाइन आहेच. स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीनं ग्लासगोचे जुने नकाशे खुले केलेत. आजच्या नकाशावर ते ठेवून स्लायडर सरकवला की बोळ दिसतात. आणि मुंबईच्या प्लेगचे सरकारी अहवालही त्याच लायब्ररीच्या साइटवर वाचता येतात.

समजा, ग्लासगोतल्या विद्यार्थ्यांनी हे अहवाल वाचले आणि मुंबईतल्यांनी अ‍ॅनन यांचे फोटो. अहवाल इंग्रजीत आहेत, अधिकाऱ्यांच्या भाषेत. त्याच काळातली मराठी वृत्तपत्रं काय म्हणत होती, हे मुंबईचे विद्यार्थीच भाषांतर करून सांगू शकतील. चाळीत जाऊन म्हाताऱ्या माणसांशी बोलतील. मग ग्लासगोचा विद्यार्थी विचारेल, आमच्या बोळांतली माणसं कुठं गेली? वेळेतल्या साडेचार-साडेपाच तासांच्या फरकाला कॅलेंडर पुरतं. उत्तरपत्रिका दोघांनी मिळून ठरवायला मात्र मोठेपणा लागतो.

आमची चाळ आता पुनर्विकासाला निघाली आहे. पुन्हा तेच शब्द: हवा, उजेड, सुधारणा. मला त्या इमारतीचा खोटा लळा नाही. गळकं छप्पर आणि सामाईक संडासाची रांग मी पाहिली आहे. पण या वेळी कुणाला कुठं जावं लागेल, हा प्रश्न विचारायला इतिहास लागतो.

गेल्या महिन्यात मी आजीला प्लेगच्या अहवालातली काही पानं मराठीत सांगितली. किती घरं धुतली, किती छपरं काढली, किती माणसं हलवली. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "यात आपल्या माणसांना कुणी काही विचारलेलं दिसतं का रे?"

मी पानं पुन्हा चाळली. त्या पानांत तरी नव्हतं.

त्या रात्री मी तो कोर्स पुन्हा उघडला, क्विझखालच्या 'त्रुटी कळवा' या बटणावर गेलो आणि नागपाड्याची गोष्ट लिहून पाठवली. आभाराचा आपोआप येणारा मेल लगेच आला. उत्तरपत्रिका अजून तीच आहे.