या समुद्रात आपलं पाणी नाही

गोबरवाहीच्या फलाटावर तुम्ही उभे आहात आणि साल आहे 1951. मे सरत आलाय. चिखल्याची खाण अजून ‘मॉईल’ची व्हायची आहे, सी.पी. मँगनीज ओर ही विलायती कंपनी ती चालवते. नखांत काळी भुकटी, शिदोरीत भाकर आणि जवसाची चटणी. तिरोडीची गाडी तुम्हाला तुमसर रोडला सोडते, पुढे मुंबईची मेल. भंडारा मध्यप्रदेशात, राजधानी नागपूर. म्हणजे तुम्ही परराज्यात निघालात.

चर्नी रोडला पोचता, तर रस्त्यापलीकडे समुद्र आणि अलीकडे कोरी करकरीत इमारत, तारापोरवाला मत्स्यालय. 27 मे रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी उद्घाटन केलं. खर्च 8 लाख. त्यातले 2 लाख ज्या पारशी दात्याने दिले, त्याचं नाव दारावर.

आत अंधार, उजेड फक्त काचेमागच्या पाण्यात. आजवर तुम्ही मासा वरूनच पाहिला: बोडीच्या काठावरून, ढिवराच्या जाळ्यात, आठवडी बाजारातल्या टोपलीत. इथे तो तुमच्या डोळ्यांसमोर डोळे आणून उभा राहतो. एक पाकट काचेला पोट लावून वर सरकते. खालून तिचा चेहरा हसरा दिसतो, पण डोळे वाटतात ते डोळे नव्हेत, नाकपुड्या आहेत. डोळे पाठीवर. मागची गर्दी ढकलते. कुणी पापलेटाचा भाव काढतं; मुंबईकराला मासा बघताना कालवण आठवणारच.

“बाई, मरळ कुठं ठेवला जी?” तुम्ही शेजारच्या कोळणीला विचारता.

“मरल? ती गोड्या पान्याची. आमची नाय.”

खरंच आहे. चिखल्यावर पडलेला पाऊस बावनथडीतून वैनगंगेत, मग प्राणहितेतून गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. समोरच्या समुद्रात त्याचा थेंब नाही.

गावी या दिवसांत बोडी आटलेली असते. मरळ वरची हवा गिळून गाळात तग धरतो आणि ढिवर पायांनी चाचपत त्याला शोधतात. याच वर्षी मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली. पुढे त्यांना मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणतील. तिथल्या माशांना काच कुणी लावली नाही, आणि लावायची तर ती वेगळीच लागेल. भंडाऱ्याच्या मत्स्यालयात पहिल्या टाकीत पाणी कमी, चिखल जास्त हवा. तिकिटं मे महिन्यातच विकावीत.