फ्रान्सची कागदी दौलत

मी शाळेंत इतिहास शिकवीत असतांना मुलें एक प्रश्न हटकून विचारीत: "सरकारला कर्ज झालें तर त्यानें नोटा छापून तें कां फेडूं नये?" या प्रश्नाचें उत्तर फ्रान्सनें स्वतःच्या अनुभवानें देऊन ठेवलें आहे.

१७८९ सालीं फ्रान्सचा खजिना रिता होता. जुन्या कर्जाचें व्याज भरतां भरतां राज्य टेकीस आलें होतें. नोव्हेंबरांत राष्ट्रसभेनें चर्चच्या जमिनी ताब्यांत घेतल्या आणि डिसेंबरांत त्यांच्या तारणावर ४० कोटी लिव्हरांचे 'असिन्या' नांवाचे रोखे काढले. योजना अविचाराची नव्हती. रोख्यांवर व्याज होतें. जमीन घेणारानें ते सरकारांत भरावे व सरकारनें ते जाळून टाकावे, असा बेत होता.

परंतु गरज थांबेना. १७९० च्या सप्टेंबरांत मिराबोच्या वक्तृत्वानें सभेचें मन वळलें आणि आणखी ८० कोटींचे बिनव्याजी रोखे मंजूर झाले. दु पाँ द नमूर यानें महागाईचा इशारा दिला होता. तो मानला गेला नाहीं. व्याज गेलें आणि रोख्याची नोट झाली. १७९२ त युद्ध पेटलें. मग छापखान्याला विसांवा उरला नाहीं.

सोन्यारुप्याचें नाणें घरोघर दडलें. फेब्रुवारी १७९३ मध्यें पॅरिसचे लोक दुकानांत शिरले आणि साखर व साबण आपल्याच भावानें घेऊन गेले. सप्टेंबरांत सरकारनें भाव कायद्यानें बांधले. तेव्हां मालच बाजारांतून नाहींसा होऊं लागला. अखेर फेब्रुवारी १७९६ मध्यें व्हँदोम चौकांत छपाईचें साहित्य जाहीरपणें नष्ट करण्यांत आलें. त्या वेळीं नोटेचें मोल मूळच्या शेंकडा एकाहूनहि कमी उरलें होतें.

निःपक्षपातानें सांगावयाचें तर या कागदानेंच क्रांतीच्या सैन्याला पोसलें. पण त्याची किंमत कोणी दिली? ऋणको हलक्या नोटांनीं मोकळे झाले. ठरीव वर्षासनावर जगणारे वृद्ध, विधवा आणि रोजंदारीचे मजूर बुडाले. हा असा कर होता, कीं जो कोणत्याहि सभेनें मंजूर केला नव्हता.

मुलांना मी एवढेंच सांगत असें, "नोटा दुप्पट झाल्या म्हणून शेतांत गहूं दुप्पट पिकत नाहीं." आज स्वतः निवृत्तिवेतनावर जगतांना त्या वाक्याचा अर्थ मला अधिक उमजतो.