मुष्टियुद्धाचे जगज्जेते: तुलना कशी करावी?

१९६७ साली अमेरिकेत रेडिओवर एक मोठी गमतीची स्पर्धा झाली. निरनिराळ्या काळांतल्या १६ हेवीवेट, म्हणजे सर्वांत भारी गटातल्या, मुष्टियोद्ध्यांची माहिती गणकयंत्रात भरली. यंत्राने दिलेल्या निकालांवरून, जणू लढत डोळ्यांपुढेच चालली आहे अशा थाटात वर्णने झाली. त्यात १९०५ साली निवृत्त झालेल्या जेफ्रीजने मुहम्मद अलीला हरवले! अलीने रागावून फिर्याद ठोकली. पुढे १९७० साली अली आणि रॉकी मार्सियानो यांच्या लुटुपुटुच्या लढतीचा चित्रपट निघाला. अमेरिकेत दाखवला त्यात मार्सियानो जिंकला. युरोपात दाखवला त्यात अली. यंत्राचा निकालही प्रेक्षक बघून फिरला म्हणायचा!

पण प्रश्न काही थट्टेवारी नेण्याजोगा नाही. जो लुईचेच घ्या. १९३७ ते १९४९, जवळजवळ बारा वर्षे तो जगज्जेता होता. २५ वेळा त्याने आव्हान परतवले. हेवीवेट गटात हा विक्रम अजून मोडलेला नाही. इतका वरचढ गडी, तर त्याचे कौतुक व्हावे ना? झाले उलटेच. १९४०-४१ च्या सुमारास तो भराभर लढू लागला, तेव्हा दर महिन्याला एक टाकाऊ गडी याच्यापुढे आणून उभा करतात, अशी वर्तमानपत्रांतून टिंगल सुरू झाली. समोरचा लवकर पडला की तो कच्चा ठरतो, आणि तो कच्चा ठरला की पाडणाऱ्याचीही किंमत उतरते.

मग १८ जून १९४१ ला न्यूयॉर्कमध्ये बिली कॉन उभा राहिला. वजनाने लुईहून पंचवीसेक पौंडांनी हलका, पण पायांचा भारी चपळ. लढत १५ फेऱ्यांची. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तिघांपैकी दोघा परीक्षकांच्या कागदावर कॉन पुढे होता, तिसऱ्याच्या कागदावर बरोबरी. नुसते सांभाळून खेळला असता तरी चालले असते. पण तेराव्या फेरीत तो लुईला आडवा करायला गेला, आणि फेरी संपायला दोन सेकंद उरली असताना स्वतःच बाद झाला.

आता पाहा, १९८२ साली किम डुक-कू हा कोरियन तरुण लढतीतल्या दुखापतीने मरण पावला. त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती हळूहळू १२ फेऱ्यांवर आल्या. हा नियम लावला तर त्या रात्री कॉन जगज्जेता होतो! मार्सियानोचेही तसेच. ४९ लढती, ४९ विजय अशी त्याची कीर्ती. पण १९५२ साली वॉलकॉटला त्याने पाडले ते तेराव्या फेरीत, आणि तोवर तिन्ही परीक्षकांच्या मते तो मागे होता. अर्थात, फेऱ्या बाराच आहेत हे ठाऊक असते तर सगळेच निराळ्या रीतीने लढले असते. वजनाचेही तेच. मार्सियानो भरायचा सुमारे १८५ पौंड. आज तो हेवीवेटमध्ये नव्हे, त्याखालच्या गटात बसेल.

म्हणून माझे मत असे, की जगज्जेत्याने कोणाला हरवले हे मोजण्याआधी, त्याच्या काळात कोणाला रिंगणात येऊच दिले नाही, हे विचारावे. जॅक डेम्प्सी १९१९ ते १९२६ जगज्जेता होता. जुने रसिक त्याला सर्वांच्या वर बसवतात. त्याच वर्षांत हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा आव्हान देत दाराशी उभा होता. करारावर सह्या झाल्या, लढत झाली नाही. दोष एकट्या डेम्प्सीचा नव्हे. १९१० साली कृष्णवर्णीय जॅक जॉन्सनने गोऱ्या जेफ्रीजला हरवले तेव्हा अमेरिकेत दंगली होऊन माणसे मेली होती. त्याची धास्ती पुष्कळांच्या मनात होती. १९१५ साली जॉन्सन हरला. तेव्हापासून १९३७ साली लुई येईपर्यंत, बावीस वर्षे, एकाही कृष्णवर्णीयाला हेवीवेट जगज्जेतेपदासाठी लढायला मिळाले नाही.

विल्सने १९३२ साली हातमोजे उतरवले. डेम्प्सीसमोर तो एकदाही उभा राहू शकला नव्हता.