डक्ट कूलरचे डक्ट: दुरुस्ती करायची की बदलायचे, आणि खर्च किती?

नागपूर जिल्ह्यात उन्हाळा म्हणजे कूलर. पारशिवनी, रामटेक, कन्हान, सावनेर अशा गावांतल्या बहुतेक घरांत तो खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवलेला असतो. स्लॅबची घरे मोठी झाली, खोल्या वाढल्या, तशी दुसरी पद्धत रुजली. गच्चीवर किंवा मागच्या भिंतीला एकच मोठा कूलर ठेवायचा आणि त्याची हवा पत्र्याच्या चौकोनी नळीतून दोन-तीन खोल्यांत न्यायची. या नळीला डक्ट आणि अशा कूलरला डक्ट कूलर म्हणतात.

कूलरचा पंप जळाला किंवा ताट्या सडल्या की लगेच कळते. डक्ट मात्र गुपचूप खराब होतो. हवा कमी येते, खोली थंड होत नाही, आणि दोष पंखा नाहीतर गवत यांच्यावर जातो. मग मोटार बदलली जाते, नव्या ताट्या येतात आणि तरी फरक पडत नाही. म्हणून खर्चाचा विचार करण्याआधी हवा नेमकी कुठे वाया जाते ते शोधावे लागते.

थंडावा किती मिळू शकतो?

कूलर हवा थंड करतो तो पाण्याचे बाष्प करून. एक लिटर पाण्याचे बाष्प होताना हवेतून जवळपास पाऊण युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. हवा जितकी कोरडी तितके बाष्पीभवन जास्त. म्हणूनच हे यंत्र कोकणात निरुपयोगी आणि विदर्भात राजा. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. एवढी टोकाची दुपार सोडली तरी मे महिन्यात ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रता ही नेहमीची स्थिती असते. अशा हवेला पाण्याने जास्तीत जास्त २५ अंशांच्या आसपास आणता येते. चांगल्या ताट्यांचा कूलर या १८ अंशांच्या अंतरातले सुमारे ८० टक्के अंतर कापतो, म्हणजे २८-२९ अंशांची हवा देतो. जुन्या, खार साचलेल्या ताट्या ६० टक्क्यांवर अडकल्या तर तीच हवा ३२ अंशांची मिळते.

जुलैत ३३ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर चांगला कूलरही जेमतेम तीन अंश उतरवतो. पावसाळ्यात कूलर ‘बिघडतो’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या ग्राहकाला मिस्त्री काही विकू पाहत असेल, तर हे लक्षात ठेवलेले बरे.

आता डक्ट. गच्चीवरून उन्हात गेलेला उघडा पत्रा भर दुपारी हात टेकवू देत नाही. दोन खोल्यांना पुरेल एवढी हवा अशा पत्र्याच्या वीस फुटांतून गेली, तर ढोबळ हिशेबाने ती दोन-तीन अंशांनी पुन्हा तापते. नव्या ताट्यांनी कमावलेले जवळजवळ सगळे इथेच गमावता येते. वरून सांधे उघडे पडून पाचव्या हिश्शाइतकी हवा गच्चीवरच सुटत असेल, तर घर थंड होणार कसे?

आधी तपासणी, मग खर्च

तपासणीला पैसे लागत नाहीत. कूलर पूर्ण वेगात चालू करून डक्टच्या प्रत्येक सांध्याजवळ अगरबत्ती धरावी. धूर जिथे झटकन बाजूला फेकला जातो तिथे गळती आहे. पेटती अगरबत्ती ताट्यांच्या गवताजवळ नेऊ नये, कोरडे गवत पटकन पेट घेते. त्यानंतर कूलर बंद करून, प्लग काढून, डक्टच्या तळाला पेचकसाने हलके टोचावे. पत्रा टणक लागला तर ठीक. पेचकस आत घुसला तर तो भाग गेला असे समजावे.

तळच आधी गंजतो, याला कारण आहे. पंखा ताट्यांवरून हवा ओढतो तेव्हा पाण्याचे बारीक थेंबही सोबत येतात आणि डक्टच्या पहिल्या चार-पाच फुटांत खाली बसतात. बोअरच्या जड पाण्यातले क्षार तिथेच साचतात. पावसाळ्यात कूलर बंद असतो, डक्टचे तोंड उघडे राहते आणि आत दमट हवा कोंडते. शिवाय पारशिवनी तालुक्याचा उत्तर भाग पेंचच्या जंगलाला लागून आहे; गच्चीवर उतरणाऱ्या वानरांच्या उड्यांनी पत्रा दबणे, सांधा निखळणे हाही एक ठरलेला खर्च आहे. मधमाश्या, उंदीर आणि पक्ष्यांची घरटी याशिवाय वेगळी.

कूलर आणि डक्ट यांच्यामध्ये बहुधा जाड कापडाचा, म्हणजे कॅनव्हासचा तुकडा असतो. पंख्याचा थरथराट डक्टमध्ये जाऊ नये म्हणून तो लावतात. उन्हाने हे कापड दोन-तीन वर्षांत कुजते. सगळ्यात मोठी गळती बऱ्याचदा इथेच निघते आणि सगळ्यात स्वस्त दुरुस्तीही हीच.

किरकोळ दुरुस्ती

सांधे बंद करायला सिलिकॉन सीलंटची नळी आणि ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लागते. दोन्ही मिळून काही शे रुपयांत येतात. साधी ब्राऊन टेप किंवा कापडी टेप लावू नये. विदर्भाच्या उन्हात तिचा गोंद महिनाभरात वितळतो. चिकटपट्टी लावण्याआधी पत्रा घासून, धूळ पुसून कोरडा करावा लागतो, आणि घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. कॅनव्हासचा तुकडा बदलणे, सैल रिव्हेट पुन्हा ठोकणे, खोलीतली ग्रील साफ करून बसवणे ही सारी कामे एका मिस्त्रीच्या एका दिवसाची आहेत. साहित्य आणि मजुरी धरून दीड ते अडीच हजार रुपयांच्या आत ती व्हायला हवीत.

तळाला एखाददुसरे भोक असेल तर वरून पत्र्याचे ठिगळ रिव्हेटने ठोकून कडा सीलंटने बंद करतात. कूलरच्या टाकीला आतून डांबर लावण्याची जुनी पद्धत डक्टच्या आत मात्र वापरू नये. तापलेल्या पत्र्यावरच्या डांबराचा वास थेट झोपायच्या खोलीत येतो.

नवा डक्ट: हिशेब कसा करायचा

नव्या डक्टचा दर पत्र्याच्या क्षेत्रफळावर सांगितला जातो, लांबीवर नाही. गोंधळ इथेच होतो. ‘वीस फूट डक्ट’ ऐकून माणूस वीस फुटांचे पैसे मनात धरतो आणि बिल शंभराहून जास्त चौरस फुटांचे येते. दोन्ही बरोबर असू शकतात.

एक उदाहरण घेऊ. बारा बाय पंधराच्या, दहा फूट उंचीच्या दोन खोल्या आहेत. प्रत्येकीत १,८०० घनफूट हवा मावते. कूलरने दोन मिनिटांत खोलीतली सगळी हवा बदलावी, असा या धंद्यातला सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणजे एका खोलीला मिनिटाला ९०० आणि दोन्हींना मिळून १,८०० घनफूट हवा हवी. हवेचा वेग मिनिटाला हजार फुटांच्या आसपास ठेवला तर फार आवाज होत नाही. त्यासाठी १६ इंच बाय १६ इंचाचा डक्ट पुरतो. त्याचा घेर ६४ इंच, म्हणजे सव्वापाच फुटांहून थोडा जास्त. वीस फूट लांबीला सुमारे १०७ चौरस फूट पत्रा लागतो. वळणे, कडा दुमडणे आणि वाया जाणारे तुकडे यांसाठी १५ टक्के वाढवले की १२३ चौरस फूट होतात.

पत्रा, बनावट आणि बसवणे मिळून चौरस फुटाला १२० रुपये दर धरला तर हे काम १४,८०० रुपयांच्या घरात जाते. दर शंभर असेल तर १२,३००, दीडशे असेल तर साडेअठरा हजार. पोलादाचे भाव आणि गावापासूनचे अंतर यांनुसार दर हलतो. पारशिवनीसारख्या ठिकाणी काम करणारा मिस्त्री नागपूरहून तयार डक्ट आणणार असेल तर गाडीभाडे आधीच विचारून घ्यावे. रिकाम्या डक्टचे वजन कमी असले तरी तो जागा खूप अडवतो, त्यामुळे भाडे वजनाच्या मानाने जास्त पडते.

फसवणूक होण्याची खरी जागा म्हणजे गेज. गेजचा आकडा मोठा तितका पत्रा पातळ. २४ गेजचा जस्ताचा पत्रा साधारण ०.६३ मिलिमीटर जाड असतो, २६ गेजचा अर्धा मिलिमीटर. नजरेला फरक कळत नाही, वजनकाट्याला कळतो. वरच्या उदाहरणातला डक्ट २४ गेजचा असेल तर सुमारे ५६ किलो भरेल, २६ गेजचा असेल तर ४५. दर एका पत्र्याचा आणि डक्ट दुसऱ्याचा, हा प्रकार टाळायचा तर दरपत्रकावर गेज लिहून घ्यावा आणि माल उतरवताना एक तुकडा तोलून पाहावा. गावात धान्याचा काटा असतोच.

संपूर्ण डक्ट बदलण्याची गरज मात्र क्वचितच असते. गंज कूलरजवळच्या पहिल्या चार-पाच फुटांत असेल आणि पुढचा पत्रा टणक असेल तर तेवढाच तुकडा बदलावा. वरच्या दराने तीन ते चार हजारांत तो होतो. निम्म्याहून जास्त लांबीला ठिगळे लागणार असतील तर मात्र दुरुस्तीवर पैसे घालू नयेत. ठिगळाची मजुरी नव्या पत्र्याच्या जवळ जाते आणि आयुष्य दोनच उन्हाळ्यांचे मिळते.

उन्हापासून वाचवणे

डक्टवर नायट्राइल रबर किंवा पॉलिथिन फोमचे आवरण चढवता येते. त्याला चौरस फुटाला ४० ते ६० रुपये धरले तर उदाहरणातल्या डक्टला पाच-सहा हजार लागतील. तेवढे जमत नसेल तर डक्टला बाहेरून पांढरा रंग द्यावा आणि वर हिरवी जाळी ताणावी. भाजीच्या रोपांवर टाकतात तीच ही जाळी, काही शे रुपयांची. मोठ्या आवरणाइतका नाही, तरी उन्हाचा थेट मारा निम्म्यावर आणण्याइतका उपयोग तिचा होतो. नवा डक्ट घालणाऱ्यांनी शक्य असेल तर तो पूर्व किंवा उत्तर भिंतीने न्यावा. चार फूट लांबी वाढली तरी चालेल.

विजेचा प्रश्न

कूलरमधून विजेचा धक्का बसून होणाऱ्या मृत्यूंच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात, आणि महावितरणही दर वर्षी तीन पिनांचा प्लग, अर्थिंग आणि पाणी भरताना वीज बंद ठेवणे याबाबत आवाहन करते. डक्ट कूलरमध्ये हा धोका एका पावलाने पुढे जातो. गच्चीवरच्या पंपाची वायर चिरली तर पाणी, टाकी आणि कूलरचा पत्रा यांच्यात वीज उतरते. डक्ट कूलरला थेट पत्र्याने जोडलेला असेल तर तीच वीज झोपायच्या खोलीतल्या ग्रीलपर्यंत पोहोचते. मधे कॅनव्हासचा तुकडा असेल तर तो कोरडा असेपर्यंतच आडकाठी.

म्हणून कूलर आणि डक्ट दोघांनाही वेगवेगळी अर्थिंगची तार जोडावी. दुरुस्तीच्या खर्चात ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी धरावा. वीज गळताच तो क्षणात प्रवाह तोडतो. बसवण्यासह दोन-तीन हजार रुपये लागतात. पैसे कमी असतील तर आवरण पुढच्या वर्षावर ढकलावे, हे नाही. एमसीबी आहे म्हणजे काम झाले असा समज सर्रास आहे, तो चुकीचा आहे. एमसीबी वायरिंग वाचवतो, माणसाला नाही.

पाणी, वीज आणि एसीची तुलना

वरच्या उदाहरणातला कूलर मे महिन्याच्या दुपारी तासाला जवळपास वीस लिटर पाणी उडवतो. दहा तास चालला तर दोनशे लिटर. नागपूर शहराला पाणी देणारे पेंच नदीवरचे नवेगाव खैरी धरण याच तालुक्यात आहे, पण म्हणून तालुक्यातल्या प्रत्येक गच्चीवर एप्रिल-मेमध्ये दोनशे लिटर जास्तीचे असतात असे नाही. ज्या घरी टँकरची वेळ येते तिथे डक्टवर पंधरा हजार घालण्याआधी याचा विचार व्हायला हवा.

विजेच्या बाजूने डक्ट कूलर स्वस्तच ठरतो. अर्ध्या ते पाऊण अश्वशक्तीची मोटार आणि पंप मिळून तासाला अर्धे ते पाऊण युनिट घेतात आणि दोन खोल्या थंड करतात. दीड टनाचा एसी एका खोलीला भर उन्हात एक ते दीड युनिट घेतो. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढत जातात, त्यामुळे ३०० ओलांडणाऱ्या घराला हा फरक दुप्पट जाणवतो. एक अट मात्र आहे: कूलर चालू असताना खोलीची एखादी खिडकी किंवा झरोका उघडा हवा. आलेली हवा बाहेर गेली नाही तर दमटपणा साचतो आणि चांगला डक्टही कुचकामी ठरतो.

हंगाम संपल्यावर

जूनमध्ये पाऊस लागला की टाकी रिकामी करून कोरडी पुसावी. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत होते, त्यामुळे हंगामातही आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण काढून टाकीच्या कडा घासणे गरजेचे आहे. डक्टचे गच्चीकडचे तोंड पत्र्याने किंवा जाड प्लास्टिकने बंद करावे, खोलीतली ग्रील आतून झाकावी. तळाला सर्वांत खोल जागी बोटभर भोक पाडून त्यावर बूच बसवून घेतले तर साचलेले पाणी काढता येते. नवा डक्ट बनवतानाच सांगितले तर मिस्त्री याचे वेगळे पैसे सहसा लावत नाही.

दुरुस्ती फेब्रुवारीत काढावी. होळीनंतर पत्र्याचे काम करणाऱ्यांकडे रांग लागते, एप्रिलमध्ये तारीख मिळत नाही आणि मिळाली तर दरावर बोलता येत नाही.