सिएटलची दारूबंदी आणि चोरून ऐकणारे सरकार

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिएटल हें बंदर वॉशिंग्टन संस्थानांत मोडतें. सबंध देशांत १९२० सालीं दारूबंदी आली. या संस्थानांत ती १९१६ सालींच आली होती. परंतु उत्तरेस कॅनडाची हद्द जवळ आणि मध्यें बेटाबेटांतून गेलेला समुद्र! चोरट्या व्यापारास याहून सोयीची जागा कोणती?

रॉय ओल्मस्टेड हा तेथील पोलीस खात्यांत लेफ्टनंट होता. १९२० च्या मार्चमध्यें किनाऱ्यावर दारू उतरवून घेतांना मध्यवर्ती सरकारच्या अधिकाऱ्यांनीं त्याला ओळखलें. ५०० डॉलर दंड झाला, नोकरी गेली. धंदा मात्र वाढला. स्वतःचे दहा हजार डॉलर आणि अकरा भागीदारांचे प्रत्येकीं एक हजार, एवढ्या भांडवलावर दोन जहाजें, पन्नासांवर माणसें, शहराबाहेर जमिनीखालचें कोठार आणि टेलिफोनवर मागण्या घेणारी कचेरी उभी राहिली. कांहीं दिवशीं दोनशें पेट्या खपत. एखादा नोकर पकडला गेल्यास पोलिसांकडे निरोप जाई आणि तो सुटून येई.

अखेर मध्यवर्ती अधिकाऱ्यांनीं त्याच्या टेलिफोनच्या तारांना आपल्या तारा जोडल्या व कित्येक महिने संभाषणें ऐकलीं. त्यांचीं टिपणें टंकलिखित ७७५ पानें भरलीं. असें चोरून ऐकणें हा त्या संस्थानाच्या कायद्यानें गुन्हाच होता! तरीही याच पुराव्यावर १९२६ सालीं ओल्मस्टेडला चार वर्षें सक्तमजुरी व ८,००० डॉलर दंड झाला.

सर्वोच्च न्यायालयानें १९२८ च्या जूनमध्यें पांच विरुद्ध चार मतांनीं शिक्षा कायम केली. सरन्यायाधीश टॅफ्ट यांच्या मतें, अधिकारी घरांत शिरले नव्हते. तेव्हां ती झडती नव्हे. न्यायमूर्ति ब्रँडाइस यांनीं विरुद्ध मत दिलें. सरकारच कायदा मोडूं लागलें, तर प्रजेला तोच धडा मिळतो, असा त्यांचा आक्षेप होता.

१९३३ सालीं दारूबंदी उठली. १९३५ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं ओल्मस्टेडला माफी दिली. तो १९६६ सालीं वारला. पुढच्याच वर्षीं त्या न्यायालयानें कॅट्झ खटल्यांत टॅफ्ट यांचें मत सोडून दिलें. घटनेचें संरक्षण माणसाला आहे, केवळ भिंतींना नाहीं, असें ठरविलें. लांच खाणारा शिपाई आणि तारेला कान लावणारा अधिकारी यांचे हेतु भिन्न होते. परंतु कायदा इतरांसाठींच असतो, ही समजूत दोघांची एकच होती. दारूबंदी गेली तरी तिनें उभा केलेला हा प्रश्न टेलिफोन असलेल्या प्रत्येक घराचा होऊन राहिला.